दोन्ही डाव्या

दातांचे डॉक्टर आले तेव्हा मी बफिंगच्या मशीनवर एका म्हाताऱ्या मोटारसायकलचा सायलेन्सर घासत होते. नाकाला फडकं, डोक्याला फडकं, उरलेली सगळी काळी. डॉक्टरांनी दारातून वाकून विचारलं, "मिस्त्री कुठं आहेत?"

मी नाकावरचं फडकं खाली ओढलं. "मीच. बोला."

ते दचकले आणि मग दचकल्याचं झाकायला हसले. "जुन्या गाड्यांच्या पट्ट्या, बंपर वगैरे उजळायचं काम तुम्हीच करता ना? सगळे इथलाच पत्ता देतात."

"देणारच. दुसरं कुणी करत नाही. फुप्फुसं जातात त्यात."

बाहेर त्यांची गाडी होती. दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी शर्यतीची गाडी. रंग गडद हिरवा. वय माझ्यापेक्षा थोडं जास्तच. तिच्यासमोर एक गृहस्थ उकिडवे बसले होते. जुनी गाडी अस्सल की जोडतोड, हे ठरवून तसा कागद देणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या कागदाशिवाय असली गाडी लिलावात कुणी उभी करत नाही. गळ्यात दोरीला भिंग असतं म्हणून आम्ही गॅरेजवाले त्यांना भिंग म्हणतो. तोंडावर अर्थात सर.

"या, या," भिंग म्हणाले, जणू दार माझं नव्हे त्यांचंच. "ही बाजूची पट्टी बघा. पुढच्या चाकामागून निघते, इथं चार बोटं रुंद. पाच पन्हळी. मागं जाता जाता निमुळती होते आणि दाराच्या शेवटी दोनच बोटं उरते. बघितलंत? आता पलीकडे चला."

आम्ही वळसा घालून उजव्या बाजूला गेलो.

"इथं उलटं आहे! पुढं दोन बोटं, मागं चार. ह्या गाडीच्या पुस्तकात अशी पट्टी नाहीच. साध्या सरळ पट्ट्या दाखवल्यात. आठ महिने शोधतोय मी. माझं मत असं झालंय की कारखान्यानं गोल मैदानावरच्या शर्यतीसाठी मोजक्या गाड्या वेगळ्या काढल्या असणार. गोल फिरताना आतल्या बाजूचा वारा वेगळा, बाहेरचा वेगळा. म्हणून डावी-उजवीची ठेवण उलटी. तसा कागदही मी तयार केलाय."

"वारा," मी म्हटलं.

"वाऱ्याचं शास्त्र असतं बाई."

मी खाली बसले. पट्टीच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेला आत दुमड होती आणि दुमडीवर कानशीचे तिरके ओरखडे, सगळे एकाच दिशेचे. असे ओरखडे मी लहानपणापासून घरात बघत आले होते.

"सर," मी म्हटलं, "ह्यात वारा नाही. ह्या दोन्ही डाव्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही दोन्ही पायांत डावाच बूट घातलात तर कसं दिसेल, तसं. कारखान्याच्या नाहीत ह्या. माझ्या बाबांनी केल्यात."

डॉक्टर हसले. भिंग हसले नाहीत, त्यांनी भिंग हातात घेतलं. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते, पुढं जे झालं ते झालं.

"तुमचे वडील काय करतात?"

"डेंटर होते. गाड्यांचे पोचे ठोकून काढायचे."

"अरे वा, म्हणजे आमचेच," डॉक्टर म्हणाले. "आम्ही डेंटिस्ट, ते डेंटर!"

"तुम्ही दुखायच्या आधी सुई देता, डॉक्टर. आमच्यात ती सोय नाही."

भिंग मध्येच म्हणाले, "पुरावा लागेल. त्यांना घेऊन या. खरं असेल तर मी कागदावर तसं लिहीन."

"नावासकट?"

"नावासकट."

मला तेवढंच हवं होतं. बाकी गाडी खड्ड्यात गेली तरी चाललं असतं.

कारण माझ्या बापाला नाव नाही. होतं, पण ह्या गॅरेजांच्या गल्लीत एकतीस वर्षं त्यांना कुणी त्या नावानं हाक मारलेली नाही. गल्ली त्यांना दोनडावे म्हणते. काय दोनडावे, चहा घेणार का. दोनडावे, जरा सरका. मी शाळेत गेले तेव्हा दोनडाव्यांची पोरगी म्हणूनच गेले. पोरं मला डावा हात पुढं करायला लावायची आणि मग दुसराही डावाच दाखव म्हणायची. मुलांना क्रूर व्हायला शिकवावं लागत नाही, मोठ्यांचं नुसतं ऐकलं तरी पुरतं.

झालं होतं ते असं. ही गाडी तेव्हाच्या धन्यानं फाटकातून काढताना दोन्ही बाजूंनी खरवडली. पट्ट्या चिंधड्या झाल्या. नव्या मिळेनात. बाबा ज्या गॅरेजात होते त्याच्या मालकानं सांगितलं, काहीतरी बसवून दे, परवा न्यायला येणार आहेत. काहीतरी! बाबांनी त्या 'काहीतरी'साठी एक दिवस नुसता गाडीसमोर बसण्यात घालवला. मग कागदावर पट्टी काढली. पुढं रुंद, मागं निमुळती, पाच पन्हळी, म्हणजे उभी गाडीसुद्धा निघाल्यासारखी दिसावी. लाकडाचा साचा कोरला. त्यावर पत्रा पालथा टाकून लाकडी हातोडीनं पन्हळी उठवल्या. डावी पट्टी झाली. सुंदर झाली.

गॅरेज बोळाएवढं. गाडी आत घेतली की उजवी बाजू भिंतीला चिकटवायची, कारण नाहीतर दुसरी गाडी मावत नसे. काम करायचं ते समोर दिसणाऱ्या बाजूचं, मग गाडी फिरवून आणायची आणि दुसरी बाजू. रोजची रीत. बाबांनी दोन दिवस फक्त डावी बाजू बघितली. उजवीसाठी साचा उलटा कोरायला हवा होता, आरशात दिसतो तसा. पण पत्रा पालथा, साचा पालथा, बाजू भिंतीला. दुसरी पट्टीही त्याच साच्यावर बडवली. गाडी फिरवून पट्टी लावायला गेले तेव्हा कळलं. दुमड खाली ठेवायची तर रुंद टोक मागं जातं. रुंद टोक पुढं घ्यायचं तर दुमड वर येते आणि पावसाचं पाणी आत साठतं. पत्रा संपलेला. धनी दारात.

बाबांनी दुमड खाली ठेवली. पाणी साठायला नको म्हणून. म्हणजे चुकीतसुद्धा त्यांनी गाडीचाच विचार केला.

धन्याला काही कळलं नाही. तो डाव्या बाजूनं आला, डाव्या बाजूनं वाखाणत बसला आणि घेऊन गेला. गाडीच्या दोन्ही बाजू एका वेळी कुणाला दिसतात? पण मालकाला दिसलं. त्यानं सगळ्या कामगारांना बोलावून, बाबांना मध्ये उभं करून विचारलं, "ह्याला बायकोनं कुठला हात डावा ते शिकवलं नाही का रे?" आणि काढून टाकलं. पुढच्या कुठल्याच गॅरेजानं घेतलं नाही, कारण गल्लीत बातमी पसरते तशी माणसाची लायकी पसरत नाही. जन्मभर बाबांनी ओट्यावर बसून बादल्यांची बुडं बसवली. ज्या हातानं ती पट्टी केली, त्या हातानं.

संध्याकाळी मी त्यांना सांगितलं. ते कॉटवर बसून चष्म्याची काडी तारेनं बांधत होते.

"हिरवीच आहे अजून?" त्यांनी विचारलं.

"हिरवीच."

"कुठली बाजू बघितली त्यांनी?"

"दोन्ही."

काडी बांधायची थांबली. "आणि?"

"त्यांना वाटतंय कारखान्यानंच मुद्दाम तसं केलंय. वाऱ्यासाठी."

बाबा इतके हसले की खोकला लागला. किती वर्षांनी मी त्यांना असं हसताना बघितलं कुणास ठाऊक. पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "वाऱ्यासाठी! मेला असता मालक हसून. पण तो आधीच मेला."

"तुम्ही चला. ते कागदावर तुमचं नाव लिहिणार आहेत. पूर्ण नाव. छापून येईल."

"माझं नाव घेऊन काय करशील आता?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त चला."

रविवारी सकाळी उठून त्यांनी दाढी केली, दोन ठिकाणी कापलं, परीटघडीचा शर्ट घातला. बसमध्ये पूर्णवेळ उजवा तळहात डाव्यानं चोळत होते. मला वाटलं थंडी. थंडी नव्हती.

डॉक्टरांच्या दवाखान्यामागं पत्र्याची मोठी शेड होती. गाडी मधोमध, चारी बाजूंनी जागा, वर पांढरे दिवे. बाबा दारातच थांबले. "एवढी जागा," म्हणाले. मग सरळ उजव्या बाजूला गेले. डावीकडे बघितलंही नाही. खाली बसायला त्यांना वेळ लागला, मी हात दिला तो झटकला. पट्टीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला.

"सांगा काका," भिंग म्हणाले. आवाज नीट होता, थट्टेचा नव्हता.

"सोडवा ही. मागं लाल अक्षरं असतील. पत्रा मिळत नव्हता, तर इस्त्रीवाल्याची जुनी पाटी आणली होती. 'कपडे इस्त्री करून मिळतील.' 'करून मिळतील' गंजून गेलेलं. डाव्या पट्टीला 'कपडे' गेलं. उजवीला 'इस्त्री' घेतलं, पण 'इ' कापण्यात गेला. 'स्त्री' राहिली."

डॉक्टर म्हणाले, "सोडवताना ओरखडा आला तर?"

"मी सोडवते," मी म्हटलं. अकरा क्लिपा. एकेक ढिली करून पट्टी उतरवली, सतरंजीवर पालथी ठेवली. काळपट पत्र्यावर, पन्हळींमुळे वेडंवाकडं झालेलं, पण स्पष्ट लाल रंगात: स्त्री.

मग डॉक्टरांच्या तोंडून निघालं, "च्यायला." आणि लगेच, "सॉरी काका."

भिंगांनी भिंगातून त्या अक्षराची एकेक रेघ बघितली. उठले, बाबांसमोर उभे राहिले आणि चक्क हात मिळवला. "मानलं. पाटीच्या पत्र्यातून, हातानं, पाच पन्हळी, कुठं सुरकुती नाही. मी चाळीस वर्षं गाड्या बघतोय. असं काम मी बघितलेलं नाही."

बाबांचा चेहरा. तो मी सांगणार नाही. तो माझा आहे.

डॉक्टरांना घाम फुटला होता. कारखान्याची दुर्मिळ गाडी बघता बघता इस्त्रीवाल्याची झाली होती. ते भिंगांना बाजूला घेऊन कुजबुजू लागले. भिंग म्हणाले, "नाही डॉक्टर. आहे ते लिहावं लागेल." खुर्चीत बसले, कागद मांडीवर घेतला, बाबांना नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, आडनाव विचारलं. बाबांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. किती दिवसांनी ते बोलत होते ते नाव, जीभ अडखळली मध्ये.

"वाचून दाखवा," बाबा म्हणाले.

भिंगांनी वाचलं. "गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मूळच्या नसून नंतर बसवलेल्या आहेत. डेंटर," इथं बाबांचं पूर्ण नाव, "यांनी त्या हातानं घडवल्या. उजवी पट्टी चुकीनं डाव्या पट्टीच्याच साच्यावर घडवल्यामुळे ती उलटी बसली आहे."

"चुकीनं," बाबा म्हणाले.

"हो. म्हणजे... तसंच झालं ना?"

"आधीच्या कागदात काय होतं? वाऱ्याचं?"

भिंगांनी पिशवीतून जुना कागद काढला. आता त्यांचा आवाज जरा उतरला. "उजव्या पट्टीची उलटी ठेवण हे या गाडीचं दुर्मिळ वैशिष्ट्य आहे."

"पट्टी तीच?"

"तीच."

मी मध्ये पडले. मला राहवेना. "म्हणजे सुटाबुटातल्यानं उलटी लावली की वैशिष्ट्य आणि बनियनवाल्यानं लावली की चूक? आत्ता हात मिळवलात ना तुम्ही?"

"बाई, समजून घ्या. शब्द बदलू आपण. हस्तदोष लिहू?"

"हातात दोष नव्हता," बाबा म्हणाले. एकदम शांत. "हातानं साच्याप्रमाणं केलं. हाताचं नाव घेऊ नका."

"मग अनवधानानं?"

"म्हणजे काय?"

"लक्ष नसताना."

"लक्ष होतं," बाबा म्हणाले. "दोन दिवस दुसऱ्या कशात नव्हतं."

"मग तुम्हीच सांगा काका, काय लिहू?"

बाबा पालथ्या पट्टीकडे बघत राहिले. डॉक्टर घड्याळ बघत होते. मी मनात म्हणत होते, घ्या बाबा, चूक तर चूक, नाव तर येतंय, पूर्ण नाव, आडनावासकट, छापील.

"ही माझी नाही," बाबा म्हणाले.

"काय?"

"म्हातारपणात घोटाळा होतो डोक्यात. मी दुसऱ्या गाडीला केली असेन. ही माझी नाही."

"बाबा!" मी ओरडले. "मागं 'स्त्री' लिहिलंय! तुम्ही सोडवायच्या आधी सांगितलंत!"

"असेल कुणाची तरी."

भिंग उठून उभे राहिले. त्यांना सगळं कळलेलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, कळलेलं होतं. पण डॉक्टर घाईनं म्हणाले, "काका स्वतःच नाही म्हणतायत ना! आपण कसं त्यांच्यावर लादणार?" आणि भिंगांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "करणाराच नाकारत असेल तर मी काय लिहू, बाई?" नवा कागद चौघडी करून खिशात घातला. परत बसले, जुना मांडीवर घेतला. त्यावर त्यांनी सही केली.

पट्टी मीच परत लावली. अकरा क्लिपा. माझ्याच हातांनी 'स्त्री' पत्र्याआड गेली.

स्टॉपवर मी बाबांपासून चार हात लांब उभी राहिले. ते जवळ आले.

"रागावलीस?"

"नाही, नाचतेय."

"तू तेच 'दोनडावे' छापून घ्यायला निघाली होतीस गं. आत्तापर्यंत गल्लीत होतं. ते कागदावर चढलं असतं, खाली माझं खरं नाव. आता कसं, ती दोन वेगवेगळी माणसं आहेत."

"आणि काम? ते कुणाचं?"

बाबांनी मान उंचावून रस्त्याकडे बघितलं. बस येत होती, ती आपली नव्हती. ती गेल्यावर म्हणाले, "उजवी जास्त चांगली झाली होती. बघितलंस? डावीच्या तिसऱ्या पन्हळीला जरा पोट आलंय. उजवीपर्यंत हात बसला होता. उजवी अगदी... मी परत तशी काही केली नाही."

मला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं. खरं सांगते. म्हाताऱ्या बापाला, भर रस्त्यात.

गाडी लिलावात गेली. छापील पुस्तिका आमच्या गल्लीतही फिरली, दोन पानभर फोटो, डावी बाजू, उजवी बाजू शेजारी शेजारी, खाली वाऱ्याचं शास्त्र. आणि कारखान्याच्या आराखडा विभागातल्या अज्ञात कल्पक माणसाचे आभार. जुनी माणसं गल्लीत उरलेली नाहीत, आहेत ती ऐकीव गोष्टी सांगणारी. समोरचा रंगारी पुस्तिका घेऊन आमच्या ओट्यावर आला. बाबा बादलीचं बूड ठोकत होते. मी आत मशीन बंद करून ऐकत होते.

"दोनडावे, हे बघितलंत का? ही तीच गाडी ना, जिच्यापायी तुम्हाला हाकललं?"

"दिसते तीच."

"अहो, मग ती कारखान्यातूनच तशी आली होती! इथं चक्क छापलंय. तुमचं काही चुकलंच नव्हतं. मालकानं उगाच आळ घेतला तुमच्यावर, इतकी वर्षं!"

मला वाटलं आता तरी. आता तरी हातोडी खाली ठेवून म्हणतील, ती पट्टी माझी.

"उगाचच," बाबा म्हणाले.

"हरामखोर होता बघा."

"होताच."

"कमाल आहे बुवा दोनडावे तुमची, एवढं सोसलंत आणि कधी बोलला नाहीत." रंगाऱ्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, पुस्तिका काखेत धरली आणि पुढच्या गॅरेजात तीच गोष्ट सांगायला गेला. पलीकडून त्याचा आवाज येत राहिला. आमच्या दोनडाव्यांवर किती अन्याय झाला, ते तो दोनडावे, दोनडावे करत सांगत होता.

बाबांनी बादली उजेडाकडे धरून आतून बघितली. एका ठिकाणी उजेड येत होता. तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि परत ठोकायला लागले.